रोज जवळ ठेवायची सुरी: मोराक्नीव्हची एल्ड्रिस घ्यावी की कम्पॅनियन?

सुरी घेताना बहुतेकजण आधी पातं बघतात, मग पोलादाचं नाव विचारतात, मग हातात तोलून बघतात. म्यानाकडे लक्ष जातं ते पैसे देऊन झाल्यावर. रोज जवळ बाळगायची सुरी असेल तर हा क्रम उलटा हवा. बऱ्या पात्याच्या सुऱ्या बाजारात पुष्कळ आहेत. पण बसलं की कमरेला टोचणारी, खिशात न मावणारी किंवा वाकलं की म्यानातून निसटणारी सुरी आठवड्याभरात घरच्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडते. मग सुतळी दाताने तोडली जाते आणि खोक्याची चिकटपट्टी किल्लीने फाडली जाते.

मिटतो तो चाकू आणि मिटत नाही ती सुरी, अशी वाटणी इथे धरली आहे. मिटणाऱ्या चाकूच्या सांध्यात फळाचा रस, आंब्याचा चीक, माती, वाळू जाऊन बसते आणि ती काढायला काडी, ब्रश, तेल असा सगळा संसार लागतो. सुरी नळाखाली धरायची, फडक्याने पुसायची, काम संपलं. ओल्या हाताने, हातमोजा घालून, दुसऱ्या हातात दोरी धरलेली असतानाही ती निघते. पातं बोटांवर मिटण्याची भीती नाही. या सगळ्याच्या बदल्यात अडचण एकच: पातं कायम उघडं. ते झाकायचं काम म्यानाचं, म्हणून म्यान हा सुरीचा निम्मा भाग समजायचा.

इथे ज्या दोन सुऱ्यांचा विचार केला आहे त्या दोन्ही स्वीडनच्या मोराक्नीव्ह (थोडक्यात मोरा) या कंपनीच्या. दालार्ना प्रांतात मोरा गावाजवळ ओस्टनोर नावाची वस्ती आहे, तिथे 1891 पासून या घराण्याच्या सुऱ्या बनतात. स्वीडिशमध्ये क्नीव्ह म्हणजे सुरी, आणि सुरुवातीचा क तिथे स्पष्ट उच्चारतात. तिकडे सुतार, वायरमन, मच्छीमार या सुऱ्या रोजच्या कामावर वापरतात. त्यामुळे मूठ साधी प्लास्टिक-रबराची, म्यान प्लास्टिकचं, आणि सगळा जीव पात्याच्या उतारात आणि पोलादाच्या उष्णता-प्रक्रियेत ओतलेला.

कम्पॅनियनचं पातं साधारण 104 मिमी लांब आणि 2.5 मिमी जाड, मुठीसकट लांबी 22 सेंमीच्या आसपास. एल्ड्रिसचं पातं 6 सेंमीच्या जरा आत, जाडी 2 मिमी, एकूण लांबी 14 सेंमीच्या थोडी वर. म्यानासकट दोन्ही सव्वाशे ग्रॅमच्या आत बसतात. किमतीत मात्र छोटी एल्ड्रिसच महाग, कम्पॅनियनच्या साधारण दीडपट ते दुप्पट. कम्पॅनियन गंजणाऱ्या कार्बन पोलादात आणि स्टेनलेसमध्ये अशी दोन्ही मिळते; खाली सांगितलेल्या कारणांसाठी इथे स्टेनलेसच गृहीत धरली आहे.

जाडी: दोन मिलिमीटर आणि चार मिलिमीटर

छोटी सुरी घेणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे जाड पातं घेणं. जाड म्हणजे मजबूत, आणि मजबूत म्हणजे चांगलं, असं मन सांगतं. अमेरिकेची ईएसईई इझुला ही या आकाराची नावाजलेली सुरी. पातं पावणेसात सेंमीच्या जरा आत, पण जाडी जवळपास 4 मिमी. ती तुटणार नाही हे खरं. पण रोजच्या कामात तुटण्याचा प्रश्न येतोच कुठे?

एक करकरीत सफरचंद घ्या आणि मधोमध कापा. 2 मिमी पातं सरळ खाली जातं, दोन्ही फोडींचा कापलेला भाग आरशासारखा गुळगुळीत राहतो. 4 मिमी पातं अर्ध्यापर्यंत कापतं, आणि पुढे पाचरीचं काम करू लागतं. सफरचंद कट्‌ आवाज करून फुटतं, फुटलेला भाग खडबडीत दिसतो आणि सुरी झटक्यात ताटलीवर आदळते. गाजर, कैरी, कच्ची पपई, कडक पेरू, सगळीकडे हेच. जाड पुठ्ठ्यात तर जाड पातं अडकून बसतं, मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावलेली सुरी सुटली की दुसऱ्या हाताकडे जाते. बोट कापण्याच्या घटना धार जास्त असल्यामुळे कमी आणि सुरी न कापल्यामुळे लावलेल्या जोराने जास्त होतात.

दोन्ही मोरा सुऱ्यांचा उतार स्कँडी पद्धतीचा आहे, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजू पाठीपासून बऱ्याच खालपर्यंत सपाट येतात आणि मग एकाच सरळ उतरणीने धारेला मिळतात. ही उतरण लाकूड सोलायला फार उत्तम: उतार लाकडावर टेकवला की सुरी स्वतःच कोन धरते. फळभाजीत मात्र उतरणीचा खांदा जरा अडतो. कम्पॅनियनमध्ये तो जाणवतो, एल्ड्रिसमध्ये पातं पातळ असल्याने कमी. फक्त फळंच कापायची असतील तर या दोन्हींपेक्षा व्हिक्टोरिनॉक्सची साधी सोलायची सुरी सरस ठरते. पातं 8 किंवा 10 सेंमी, जाडी जेमतेम एक मिलिमीटर, किंमत किरकोळ. तिच्यासोबत म्यान येत नाही, आणि डब्यात कागदात गुंडाळलेली सुरी ही पिशवीतली सगळ्यात धोक्याची वस्तू, म्हणून तिच्यावर सरकवायचं प्लास्टिकचं पातंझाकण वेगळं घ्यावं लागतं.

कामं कोणती, त्यावर लांबी

खोकी उघडणं, केबल टाय कापणं, पोत्याची शिवण उसवणं, दुधाची पिशवी, औषधाचं पाकीट, पेन्सिल, पेरू, संत्रं, 8-10 मिमीची नायलॉन दोरी: एवढ्याला 6 सेंमी पातं पुरून उरतं. ठिबक सिंचनाची 16 मिमी नळी (लॅटरल) एल्ड्रिसने एका ओढीत काटकोनात कापली जाते. कात्रीने नळी चेपते आणि मग जॉइनर नीट बसत नाही, गळती तिथूनच सुरू होते. छोट्या पात्याचं टोक बोटाच्या पेरापासून जवळ असतं, त्यामुळे काटा काढण्यासारखं बारीक कामही ताब्यात राहतं.

कलिंगड, मोठी पपई, लाल भोपळा, पावाची लादी, जाड फोम किंवा ताडपत्रीचा लांब काप, इथे एल्ड्रिस हरते. पातं फळाच्या मध्यापर्यंत पोचतच नाही, फळ फिरवत कापावं लागतं, आणि मूठ रसात बुडते. डोंगरावर चार-सहा जणांचा स्वयंपाक करायचा असेल तर कम्पॅनियनच न्यावी. 10 सेंमी पात्याने कांदा उभा-आडवा नीट चिरता येतो.

नारळ या दोन्हींनी फोडायचा नाही. करवंटीवर मारलेली स्कँडी धार पहिल्याच फटक्यात वळते किंवा तिच्यातून चंद्रकोरीच्या आकाराचे कपचे उडतात. शहाळं सोलायला कोयताच हवा. द्राक्ष, आंबा, गुलाबाचं कलम करायलाही या सुऱ्या वापरू नयेत. कलमाच्या सुरीला उतार एकाच बाजूने असतो, म्हणून काप सपाट येतो आणि खुंट-काडी एकमेकांना पूर्ण चिकटतात. दोन्ही बाजूंनी उतार असलेल्या सुरीने तेवढा सपाट काप येणं कठीण, आणि मध्ये पोकळी राहिली की कलम वाळतं.

लाकूड फोडण्याबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. पाठीवर ओंडक्याचे घाव घालून सुरीने लाकूड चिरायची पद्धत आता बरीच पसरली आहे. कम्पॅनियनच्या पात्याचं शेपूट मुठीच्या आत काही अंतरापर्यंतच जातं, टोकापर्यंत नाही. मनगटाएवढ्या सुक्या काठीपर्यंत ती सोसेल, पण गाठीच्या लाकडात अडकल्यावर मूठ पिळली तर सांधा ढिला होतो. या कामाला जाड पात्याची, शेपूट मुठीच्या टोकापर्यंत असलेली सुरी घ्यावी, किंवा सरळ छोटी कुऱ्हाड.

पोलाद, आणि आपली हवा

स्टेनलेस मोरा सुऱ्यांमध्ये 12 सी 27 हे स्वीडिश पोलाद असतं: कार्बन सुमारे 0.6 टक्के, क्रोमियम 13.5 टक्के. ते सँडविक या नावाने ओळखलं जायचं. त्या कंपनीचा हा विभाग 2022 पासून अलाइमा नावाने वेगळा झाला आहे, त्यामुळे जुन्या-नव्या वर्णनांत नावं वेगळी दिसली तरी पोलाद तेच. मोरा ते रॉकवेल सी मापाने साधारण 56 ते 58 इतकं कडक करते. आकड्यांच्या शर्यतीत हे मधलं पोलाद आहे. त्याचं खरं मोल दोन गोष्टींत: ते बारीक कणांचं असल्यामुळे साध्या दगडावर पाच मिनिटांत वस्तऱ्यासारखं पाजळतं, आणि ते कपचे उडण्याआधी वळतं. वळलेली धार कातडी पट्ट्यावर घासली की सरळ होते. कपचा उडाला तर तेवढं पोलाद घासून काढावं लागतं.

कार्बनची कम्पॅनियन दोनेक अंशांनी अधिक कडक असते, धार थोडी जास्त टिकते, आणि कोरड्या थंड प्रदेशात तीच घ्यावी असं अनेक जाणकार सांगतात. कोकणात, गोव्यात, मुंबईत किंवा घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात हा सल्ला लागू नाही. जुलैत ओल्या म्यानात रात्रभर राहिलेल्या कार्बन पात्यावर सकाळी नारिंगी ठिपके असतात. कैरी, कोकम, लिंबू, चिंच कापून तसंच ठेवलं तर काही मिनिटांत पातं राखाडी-काळं पडतं आणि पुढच्या फोडीला लोखंडाची चव येते. रोज तेल लावायची शिस्त असेल त्यानेच कार्बन घ्यावं. तेल लावायचंच तर मेडिकल स्टोअरमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन दोन थेंब पुरतं. ते खवट होत नाही, आणि सुरी अन्नाला लागणार असल्याने शिलाई मशीनच्या तेलापेक्षा तेच बरं.

स्टेनलेस म्हणजे गंज चढतच नाही असं नाही. समुद्राच्या पाण्याने भिजलेली सुरी म्यानात घातली तर खारं पाणी पातं आणि प्लास्टिक यांच्यामध्ये अडकतं आणि सुईच्या टोकाएवढे तपकिरी खड्डे पडतात. मासे साफ केल्यावर, किनाऱ्यावरून आल्यावर, सुरी आणि म्यान दोन्ही गोड्या पाण्याने धुवायचं. कम्पॅनियनच्या म्यानाला खाली निचऱ्याचं भोक आहे; ते मातीने बुजलेलं नाही ना हे तेव्हाच काडीने बघून घ्यावं.

मूठ

कम्पॅनियनची मूठ हा तिचा सगळ्यात गुणी भाग. आत कडक प्लास्टिक, वर मऊ रबरी थर, मध्ये फुगीर, आणि पात्याच्या बाजूला बोट अडवणारी ठळक धस. मासळीच्या किंवा तेलाच्या हातातही ती फिरत नाही. एल्ड्रिसची मूठ पात्याच्या मानाने मोठी, गोलसर आणि टोकाला फुगलेली आहे. चार बोटं जेमतेम मावतात, मोठ्या पंज्याची करंगळी बाहेर राहते. तिला बोट अडवणारी धस नावापुरतीच. ओढून कापायच्या कामात काही फरक पडत नाही. पण खुपसायच्या कामात, म्हणजे प्लास्टिकच्या ड्रमला भोक पाडणं, चामड्यात टोक घुसवणं, ओला हात पुढे घसरून पात्यावर येऊ शकतो. तिथे अंगठा मुठीच्या मागच्या टोकावर दाबून धरायचा, किंवा सरळ आरी वापरायची.

म्यान, ज्यावर निकाल लागतो

कम्पॅनियनचं म्यान कमरेच्या पट्ट्याला अडकवायची पकड असलेलं, कडक प्लास्टिकचं. सुरी आत ढकलली की टक्‌ असा आवाज येतो आणि मूठ घट्ट बसते. काढताना मूठ ओढायची नाही. चार बोटांनी म्यान धरून अंगठा म्यानाच्या काठावर टेकवायचा आणि अंगठ्यानेच मूठ वर रेटायची. सुरी एक सेंमी सुटली की मग उचलायची. सरळ ओढली तर अडकलेली सुरी एकदम सुटते, हात हवेत झटकला जातो आणि शेजारी कोण उभं आहे यावर पुढचं अवलंबून राहतं. परत घालतानाही म्यानाच्या तोंडाजवळ दुसऱ्या हाताची बोटं येऊ द्यायची नाहीत, आणि म्यानाकडे बघितल्याशिवाय सुरी आत न्यायची नाही.

या म्यानाची अडचण ही की ते उभं, लांब आणि कमरेवरचं आहे. चालताना, शेतात, बागेत काहीच त्रास नाही. मोटरसायकलवर, गाडीत, ऑफिसच्या खुर्चीत बसलं की म्यानाचं टोक मांडीला आणि मूठ बरगडीखाली टोचते. पट्ट्याची पकडही वापरून वापरून ढिली पडते. झाडाझुडपातून जाताना म्यानासकट सुरी हरवते ती अशीच. पकडीच्या खाली पट्ट्याभोवती दोरीचा एक फास घालून ठेवला तर सुरी पडली तरी लोंबकळत राहते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कमरेला दिसणारी सुरी लोकांना अस्वस्थ करते. शेतात कोणी बघत नाही, पण बाजारात, बँकेत, शाळेच्या दाराशी ती दिसणं योग्य नाही.

एल्ड्रिसचं म्यान आखूड, गुळगुळीत, आणि सुरी दोन्ही बाजूंनी आत बसते, त्यामुळे डावखुऱ्यांना वेगळं काही करावं लागत नाही. ते सॅकच्या कप्प्यात, स्कूटरच्या डिकीत, कार्गो पँटच्या खिशात विसरून जाता येतं. गळ्यात अडकवायची दोरी, म्यानावर मूठ धरून ठेवणारा पट्टा आणि आग पेटवायला ठिणग्या पाडणारी चकमकीची कांडी असा वेगळा संचही मिळतो. पट्टा जरूर घ्यावा. उड्या मारताना, धावताना, सॅक उलटी पडल्यावर फक्त प्लास्टिकच्या पकडीवर भरवसा टाकणं बरोबर नाही. गळ्यातली दोरी मात्र टाळावी, किंवा ओढ बसल्यावर आपोआप सुटणारी जोडणी घालूनच वापरावी. साधी पॅराशूट दोरी माणसाचं वजन सहज पेलते, आणि फांदीत किंवा गाडीच्या हँडलमध्ये अडकली तर ती तुटत नाही.

कातड्याचं म्यान दिसायला देखणं असतं. पावसाळ्यात ते पाणी धरून ठेवतं, बुरशी येते, आणि कातडं कमावताना वापरलेली रसायनं ओलाव्याबरोबर पात्यावर डाग पाडतात. ते असेल तर जून ते सप्टेंबर सुरी घरी म्यानाबाहेर ठेवावी. प्लास्टिकच्या म्यानाला वेगळा रोग: बारीक वाळू आत गेली की प्रत्येक वेळी पात्यावर ओरखडे उमटतात. गरम पाण्याने खळखळून उलटं वाळवलं की झालं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, प्लास्टिक वाकतं आणि पकड जाते.

कायदा, आणि अभयारण्यातले किल्ले

शस्त्र नियम 2016 मधल्या पाचव्या वर्गात 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या त्यातून वगळल्या आहेत. कम्पॅनियनचं पातं चार इंचांच्या किंचित वर आणि रुंदी जेमतेम दोन सेंमी, म्हणजे दोन्ही सुऱ्या या मापाच्या बऱ्याच खाली आहेत. पण एवढ्यावर भागत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सण, मोर्चे, निवडणुकांच्या काळात जमावबंदीबरोबर शस्त्रबंदीचे आदेश निघतात, आणि त्या कलमात सुऱ्यांचा नावाने उल्लेख आहे. तिथे पात्याची लांबी विचारली जात नाही. अशा दिवसांत सुरी शहरात घेऊन फिरू नये. विमानात ती हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इन बॅगेत म्यानात घालून, गुंडाळून ठेवावी. मेट्रोच्या तपासणीतही ती अडवली जाते.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना एक गोष्ट फारशी माहीत नसते. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या व्याख्येत सुरी हे शस्त्र आहे, आणि कलम 31 प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. वासोटा कोयना अभयारण्यात आहे, हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, भीमाशंकरचं जंगल हेही अभयारण्यच. कांदा चिरायचा होता हे कारण तिथे कायद्यात बसत नाही. अशा ठिकाणी भाजी घरूनच चिरून न्यावी आणि दोरीसाठी बोथट टोकाची छोटी कात्री ठेवावी. बाकी किल्ल्यांवर जातानाही सुरी कमरेला न लावता सॅकमध्ये, स्वयंपाकाच्या सामानात असावी. कोणी विचारलं तर ती कशासाठी आहे हे सामानच सांगतं.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी: ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय बाळगता येतो तो फक्त तीन इंचांच्या आतल्या धारेचा, उघडल्यावर पातं खटक्याने घट्ट न बसणारा, मिटणारा चाकू. न मिटणारी सुरी कितीही छोटी असली तरी रस्त्यावर कारण दाखवावं लागतं, म्हणून एल्ड्रिससुद्धा तिथे रोज खिशात ठेवायची वस्तू नाही. न्यूयॉर्क शहरात सार्वजनिक जागी चार इंच किंवा त्याहून मोठं पातं चालत नाही. 104 मिमीची कम्पॅनियन तिथे दोन-अडीच मिलिमीटरने अडकते. खुद्द स्वीडनमध्येही कामाशिवाय सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगायला 1988 च्या कायद्याने बंदी आहे. ओस्टनोरचा सुतार ती कमरेला लावतो, कारण तो कामावर असतो.

धार लावणं

स्कँडी उताराचा मोठा फायदा इथे मिळतो. कोन मोजायचा नाही. पाच-सहा मिलिमीटर रुंद उतार दगडावर पूर्ण टेकवायचा, एवढंच. दगड नसेल तर जाड काचेचा तुकडा आणि हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर पुरतो: 1000 नंबर आणि 2000 नंबर. काच ओली करून कागद चिकटवा. उतारावर मार्कर पेनने काळं फासा. मग सुरी पाठ पुढे ठेवून ओढा. धार पुढे ठेवली तर कागद फाटतो. दोन ओढी झाल्यावर उलटून बघा. काळं सगळीकडून सारखं गेलं असेल तर कोन बरोबर. फक्त खांद्याजवळ गेलं असेल तर पाठ जास्त खाली दाबली जाते आहे; फक्त धारेजवळ गेलं असेल तर पाठ उचलली जाते आहे.

एका बाजूने दहा-बारा ओढी झाल्या की दुसऱ्या बाजूला धारेच्या कडेवर नख आडवं सरकवा, पाठीकडून धारेच्या बाहेर. नख अडखळलं तर तिथे पोलादाची केसाएवढी कड उभी राहिली आहे. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. मुठीजवळून टोकापर्यंत ती सलग लागेपर्यंत बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार इथेच फसते: मध्यभागी बर आली की बाजू बदलली जाते, आणि टोक बोथटच राहतं. टोकाकडे पातं वळतं तिथे मूठ किंचित वर उचलत न्यायची, म्हणजे उतार टेकलेला राहतो. दोन्ही बाजू झाल्या की 2000 वर हलक्या हाताने आळीपाळीने, दर ओढीला बाजू बदलत, दहाएक ओढी. शेवटी जुन्या कातडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, पाठ पुढे ठेवून, पंधरा-वीस ओढी.

एवढ्याने आलेली धार लाकडाला उत्तम, पण इतकी पातळ असते की खोक्यातली स्टेपलची पिन लागली तरी वळते. रोजच्या वापरासाठी शेवटी पाठ एका नाण्याच्या जाडीएवढी उचलून दोन्ही बाजूंनी तीन-तीन अगदी हलक्या ओढी द्या. डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक दुसरा उतार तयार होतो आणि धार कितीतरी जास्त दिवस तग धरते. सुरी ओढून धार लावायचं व्ही आकाराचं यंत्र मात्र या सुऱ्यांना लावू नये. ते स्वतःच्या जाड कोनात पोलाद खरवडतं आणि सपाट उताराचा आधारच नाहीसा होतो. तो परत आणायला तासभर घासावं लागतं. सायकलवर धार लावायला येणाऱ्या कारागिराकडेही स्कँडी सुरी देऊ नये. कोयता-विळीला तो हात योग्य आहे, पण फिरत्या चाकावर 2 मिमी पात्याची कड क्षणात निळी पडते. निळी पडली म्हणजे तिथला कडकपणा गेला.

गावठी पर्याय

लोहाराकडून ट्रकच्या पाट्याची छोटी सुरी करून घेता येते, आणि चांगल्या हाताची असेल तर ती आयुष्यभर टिकते. बघायचं एवढंच की पातं पाठीशी 3 मिमीच्या वर नको, आणि धारेवर नवी कानस घासली तर ती घसरली पाहिजे. कानस चावली तर पाणी नीट पाजलेलं नाही. पाट्याचं पोलाद गंजतं, त्यामुळे वर कार्बनबद्दल लिहिलेलं सगळं इथे लागू.

कारखान्यांच्या गावात पॉवर हॅक्सॉच्या जुन्या पात्यांच्या सुऱ्या मिळतात. सगळं पातं हायस्पीड स्टीलचं असेल तर कडकपणा मोराच्या बराच वर, धार महिनोन्महिने टिकते. पण ते ठिसूळ असतं, टोकाने काही उचकटलं तर काचेसारखं तुटतं, आणि साध्या दगडाला दाद देत नाही. डायमंड प्लेट लागते. म्यान तर कधीच सोबत नसतं. पोकळ मुठीत होकायंत्र आणि काड्या घातलेल्या, पाठीवर करवतीचे दात असलेल्या सुऱ्या घेऊच नयेत. मूठ पोकळ असते म्हणजे पात्याचं शेपूट बोटभरही आत नसतं.

निवड अशी: शहरात राहणारा, पिशवीत सुरी ठेवणारा, खोकी-फळं-दोरी एवढंच काम असणारा असेल तर एल्ड्रिस, पट्ट्यासकट. शेत, बाग, नर्सरी, कॅम्पवरचा स्वयंपाक असेल तर स्टेनलेस कम्पॅनियन, आणि वाचलेल्या पैशांत 1000 नंबरचा दगड. कम्पॅनियनच्या साध्या नमुन्याची पाठ गोलसर असते, चकमकीच्या कांडीवर ती ठिणग्या पाडत नाही. एल्ड्रिसची पाठ काटकोनात घासलेली आहे. ज्यांना ते हवं आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

पार्सल हातात आल्यावर तिथेच चार गोष्टी तपासा. पातं डोळ्यासमोर आडवं धरून धारेकडून बघा, धार मुठीच्या मध्यरेषेत सरळ दिसली पाहिजे. उतार दोन्ही बाजूंना सारखा रुंद हवा. एक रुंद आणि एक अरुंद असेल तर प्रत्येक काप तिरका जातो. पातं मुठीत शिरतं तिथे नखही जाऊ नये, कारण त्या फटीत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. मग सुरी म्यानात टक्‌ करून बसवा, खाली गादी किंवा जाड गोधडी घ्या, म्यान उलटं धरून पाच-सहा जोरदार झटके द्या. सुरी हलली तरी परत पाठवा.